व्हँसेनचं मॉडेल: बालेकिल्ला उभा राहिला, आता चॅपेल

मंडळी, पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या व्हँसेनच्या राजकिल्ल्याचं मॉडेल बरंच पुढे सरकलंय. प्रमाण 1:200. मधला बालेकिल्ला, म्हणजे फ्रेंचांचा 'डॉन्जॉन', खरा सुमारे 50 मीटर उंच आहे, तो टेबलावर 25 सेंटिमीटर झाला. चौकोनी अंग आणि चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. गोल बुरुजांसाठी जाड पुठ्ठा वाकत नाही, म्हणून पातळ कार्डशीटचे तीन थर एकावर एक गुंडाळून चिकटवले. प्रत्येक थराचा सांधा वेगळ्या बाजूला घेतला, त्यामुळे गोलाई कुठेही मोडत नाही.

यावेळी जास्त वेळ गेला तो कात्रीत नाही, विचारात. किल्ला कोणत्या काळातला दाखवायचा?

बालेकिल्ला शार्ल पाचव्याच्या कारकिर्दीत पुरा झाला. हा राजा 1338 मध्ये व्हँसेनलाच जन्मला आणि या जागेवर त्याचा फार जीव होता. बाहेरचा तट 1380 च्या सुमारास झाला: एक किलोमीटरहून लांब भिंत आणि नऊ बुरूज. तेव्हाचा किल्ला दाखवला तर बुरूज पूर्ण उंचीचे मिळतात, पण चॅपेलचं, म्हणजे किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिराचं, काम नुकतंच सुरू झालेलं. आजचा दाखवला तर चॅपेल पूर्ण, पण 19व्या शतकाच्या सुरुवातीला बुरूज छाटून तटाच्या उंचीला आणलेले. गावाकडच्या दरवाजाचा 42 मीटरचा बुरूज तेवढा वाचला. शिवाय आज दक्षिणेला लुई चौदाव्यासाठी ल व्हो या वास्तुकाराने बांधलेले दोन मोठे महाल आहेत. ते सुंदर आहेत, पण मध्ययुगीन किल्ल्याचा तोल पार बदलून टाकतात.

शेवटी 1560 च्या आसपासचा काळ धरला. बुरूज शाबूत, चॅपेल पूर्ण, महाल अजून यायचे. मला वाटतं, हा किल्ला सगळ्यात देखणा तेव्हाच दिसत असणार.

आता चॅपेल. शार्ल पाचव्याने 1379 मध्ये त्याची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. भिंती चढल्या, मग इंग्लंडशी चाललेल्या लांबलचक युद्धाच्या काळात काम रखडलं. इंग्लंडचा राजा हेन्री पाचवा तर 1422 मध्ये व्हँसेनमध्येच मरण पावला, इतका हा किल्ला परक्यांच्या हाती गेला होता. पुढे फ्रान्सचा राजा पहिल्या फ्रान्स्वाने काम पुन्हा हाती घेतलं आणि दुसऱ्या आंरीच्या काळात, 1552 मध्ये, ते पुरं झालं. 173 वर्षं! पॅरिसमधलं सँत-शापेल, ज्याच्या धर्तीवर हे चॅपेल बांधलं, ते मात्र काही वर्षांतच उभं राहून 1248 मध्ये पवित्र केलं गेलं होतं.

मला भावतं ते हे, की इतक्या वर्षांत फॅशन पार बदलली, सगळीकडे रेनेसाँची, म्हणजे प्रबोधनकाळाची, कमान-खांब पद्धत आली, तरी बांधणाऱ्यांनी बाहेरचं टोकदार कमानींचं मध्ययुगीन गॉथिक रूप सोडलं नाही. नव्या काळाचा हात दिसतो तो खिडक्यांच्या रंगीत काचांत. पूर्वेकडच्या काचांवर बायबलमधला जगाच्या अंताचा देखावा आहे, आणि त्यातली माणसं, कपडे, देहांची वळणं सगळी 16व्या शतकातली.

पॅरिसचं चॅपेल दोन मजली आहे, हे एकमजली. त्यामुळे आतल्या मजल्याची भानगड वाचली, पण खिडक्या खूप उंच असल्याने भिंत जवळजवळ उरतच नाही. पुठ्ठ्यात ही खरी अडचण: दोन खिडक्यांमधली पट्टी लगेच वाकते. उपाय म्हणून बाहेरचे आधारखांब आधी उभे केले आणि खिडक्यांच्या चौकटी त्यांच्यामध्ये बसवल्या. मूळ इमारतीतही भार याच खांबांवर आहे, त्यामुळे मॉडेल आपोआप ताठ झालं. पश्चिमेच्या दर्शनी भागातल्या गोल खिडकीची ज्वाळांसारखी वळणारी दगडी जाळी कागदातून कोरतेय. सुरी दर वळणाला उचलायची नाही, कागदच फिरवायचा, नाहीतर टोकं फाटतात. काचांसाठी ट्रान्सपरंट शीटवर रंग छापून मागून ट्रेसिंग पेपर लावला. उजेड मऊ येतो आणि मागचा पोकळपणा दिसत नाही.

पुढे तट. या प्रमाणात तो पाच मीटरहून लांब होतो, म्हणून तुकडे जोडूनच करावा लागेल. सांधे बुरुजांच्या मागे लपवायचा विचार आहे. इतका लांब तट कोणी केला असेल, तर तुकडे पावसाळ्यात फुगू नयेत म्हणून आतून काय लावलंत ते जरूर सांगा.