पूर ओसरल्यावर बेसमेंट: घाई फक्त गाळाची

पाणी उतरलं की सोसायटीत पहिली धावपळ पंपासाठी होते. त्याआधी वीज. मीटर रूम बऱ्याच इमारतींत पार्किंगच्याच पातळीला असते, म्हणजे मेन स्विचपर्यंत पोचायचं तर त्याच पाण्यातून जावं लागणार. तसं जायचं नाही. महावितरणच्या माणसाकडून बाहेरच्या बाहेर पुरवठा तोडून घ्यायचा. त्यानंतरही जनरेटरचं ऑटो पॅनल (वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू करणारं), घरोघरचे इन्व्हर्टर आणि गच्चीवरचं सोलर शिल्लक राहतं. बाहेरची लाइन गेली म्हणजे सगळं मेलं असं नसतं. जनरेटर ऑटोवरून काढा आणि इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करा.

आत पाऊल टाकण्यापूर्वी फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनाम्याला आणि विम्याच्या सर्वेअरला तीच रेघ लागते, आणि साफसफाईत ती सगळ्यात आधी पुसली जाते.

आता पंप. ५०० चौरस मीटरच्या बेसमेंटमध्ये २ मीटर पाणी म्हणजे १० लाख लिटर. मिनिटाला ५०० लिटर फेकणारा पंप अखंड चालला तरी ३३ तास लागतात. हा आकडा ऐकून लोक आणखी तीन पंप आणतात, आणि चूक तिथेच होते. बाहेरची जमीन गच्च भिजलेली असते. १ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस मीटरला साधारण १ टन. आतलं पाणी तो दाब तोलून धरतं. ते एकदम काढलं तर भिंत आत फुगते किंवा खालची फरशी उचलली जाते, भेगा पडतात. म्हणून बाहेरचं पाणी पूर्ण हटेपर्यंत थांबायचं, मग दिवसाला २ ते ३ फूट उतरवायचं. खांबावर खूण करा, रात्रभर पंप बंद ठेवा. सकाळी पातळी खुणेच्या वर आली असेल तर भूजल आत येतंय, त्या दिवशी पंप लावू नका. राफ्ट (तळाचा काँक्रीटचा सलग पाया) आणि भिंती भूजलाच्या दाबासाठी डिझाइन केल्या असतील तर वेग वाढवायला हरकत नाही, पण ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ड्रॉइंग बघून सांगावं. ड्रॉइंग सापडत नसेल (सहसा सापडत नाहीच) तर सावकाश.

ऑगस्ट २०१९चा सांगलीचा पूर आणि २२ जुलै २०२१चा चिपळूणचा, यांचा हिशेब एक नाही. सांगलीत पाणी कित्येक दिवस बसून राहिलं, आणि काळी माती पाणी लवकर सोडत नाही. अशा ठिकाणी रस्ता कोरडा दिसला तरी भिंतीमागची जमीन भरलेलीच असते. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत निचरा लवकर होतो, तिथे थांबावं लागतं ते कमी.

पंप मड पंप किंवा सांडपाण्याचा सबमर्सिबल हवा. घरच्या टाकीचा मोनोब्लॉक गाळानं तासाभरात बसतो. डिझेल पंप असेल तर इंजिन रस्त्यावर, आत फक्त पाइप. बंद जागेत त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस आडवा करतो. एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) किंवा ड्रेनेजच्या टाकीत तर कुणालाही उतरवायचं नाही, दोरी बांधूनही नाही. आत साचलेल्या विषारी गॅसनं पहिला पडतो आणि वाचवायला गेलेला दुसराही.

घाई करायची ती गाळाची. शेवटचं फूटभर पाणी उरलं की खराट्यानं आणि फावड्यानं तळ सतत ढवळत राहायचं, म्हणजे गाळ पाण्याबरोबरच पंपातून जातो. पाणी संपल्यावर उरलेला गाळ ओला असतानाच ओढून काढा. दोन दिवस ऊन-वारा लागला की तो असा धरतो की कुदळ लागते. वजनाचा अंदाजही आधीच घ्या: ५०० चौरस मीटरवर १० सेंटीमीटर थर म्हणजे ५० घनमीटर, ओला असताना ८० टनांच्या आसपास. घमेल्यांनी रॅम्पवरून हे वाहायला माणसं किती आणि डंपर किती, हे आदल्या दिवशी ठरलेलं बरं. गाळ बेसमेंटच्या गटारात किंवा संपमध्ये (पाणी गोळा होतं त्या खड्ड्यात) लोटू नका. लाइन तुंबली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच वर येतं. कामावरच्या प्रत्येकाला गमबूट आणि रबरी हातमोजे द्या. लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) गोळी घ्यायची का, हे काम सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरला विचारा. कोपऱ्यातली पोती, टायर काठीनं हलवल्याशिवाय हात घालू नका, साप तिथेच बसतात.

धुऊन झाल्यावर ब्लीचिंग पावडर, आधी नाही. चिखलावर टाकलेली पावडर चिखलच खातो. ताजी पावडर असेल तर १० लिटर पाण्याला १५० ग्रॅम, ढवळून पंधरा मिनिटं ठेवा आणि वरचं निवळ वापरा. खालच्या चुन्यानं फवारणीचं नोझल बसतं. अर्धा तास राहू द्या, मग धुवा. फरशी चकचकीत करायला कुणी ॲसिडचा कॅन आणला तर तो परत पाठवा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हवेपेक्षा जड असल्यानं बेसमेंटमध्येच साचतो.

जमिनीखालची पिण्याची टाकी बुडाली असेल तर ती रिकामी करून घासून घ्या. मग १०,००० लिटर भरलेल्या पाण्याला दीड किलो पावडर, एक रात्र तसंच, नंतर सगळं सोडून द्यायचं. ते पाणी वरच्या टाकीत चढवू नका.

बुडालेले एमसीबी, आरसीसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारे स्विच) वाळवून वापरायचे नसतात. वरून कोरडे दिसतात, आत गंज आणि चिखल राहतो, आणि गरज पडेल तेव्हा ते ट्रिप होत नाहीत. बदला. मोटर मात्र वाचते: उघडून स्वच्छ पाण्यानं धुवून, ओव्हनमध्ये वाळवून, बेअरिंग बदलून, ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) तपासायची. १ मेगोहमच्या खाली असेल तर पुन्हा वाळवा किंवा रिवाइंडिंग. लिफ्टचा पिट रिकामा झाला म्हणून लिफ्ट चालवून बघू नका, खालचे लिमिट स्विच आणि गव्हर्नरची पुली कंपनीच्या माणसानं बघेपर्यंत ती बंदच.

गाड्यांना चावी लावायची नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विमावाला ते नुकसान पुराचं मानायला तयार होत नाही. इलेक्ट्रिक गाडी टो करून इमारतीपासून किमान ५० फूट लांब उघड्यावर ठेवा. भिजलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेते.

वाळवणं हे सगळ्यात रटाळ काम. पावसाळ्यात दारं उघडी टाकली की वाळतं हा गैरसमज आहे. बाहेरची दमट हवा बेसमेंटच्या थंड भिंतीला लागली की उलट घाम धरते. पार्किंगसाठी रॅम्पच्या विरुद्ध टोकाला एक्झॉस्ट लावून हवा एका दिशेनं ओढा. डीह्युमिडिफायर फक्त स्टोअर, मीटर रूम अशा दार लावता येणाऱ्या खोल्यांसाठी, आणि तो चालू असताना दार खरंच लावलेलं हवं. प्लायवुड, एमडीएफ, पीओपी ठेवू नका, बुरशी एक-दोन दिवसांत धरते. फुगलेला, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका, नाहीतर मागची वीट वाळत नाही.

काँक्रीट अनुकूल हवेतही महिन्याला इंचभरच वाळतं. भिंतीवर पांढरे क्षार आले तर कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुतले की ते परत आत मुरतात. रंगाचा विचार ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर. तेव्हाही आधी दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवून एक पूर्ण दिवस ठेवा. आतून बाष्प दिसलं किंवा भिंत काळपट झाली तर पेंटरला पुढची तारीख द्या. ऑइल पेंट तर बेसमेंटच्या भिंतीला नकोच, पापुद्रे धरतो. चुना पुरे.