कुठवर आलंय?

गेल्या मे महिन्यात गच्चीवर सांडगे घातले होते. प्लास्टिकच्या कागदाचे तीन कोपरे विटांनी दाबले. चौथ्याला वीट सापडेना, म्हणून खालून एक जाडजूड कादंबरी आणून ठेवली. कुणीतरी वाढदिवसाला दिलेली, सहाशेच्या वर पानं. आमच्या घरात तिचा एवढा चांगला उपयोग त्याआधी झाला नव्हता. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी वाळलेले कपडे काढायला वर आली, वाकून पुस्तकाचं नाव वाचलं आणि म्हणाली, "काकू, हे वाचालाय व्हय? भारी!"

खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण मी म्हणाले, "हो, चाललंय हळूहळू."

"कुठवर आलाय?"

"निम्म्यावर."

निम्मे सांडगे वाळले होते, एवढंच काय ते निम्मं. मग तिनं मला 'रिंगाण' वाचायला सांगितलं. "आपल्या पन्हाळ्याकडचे आहेत लेखक, धरणग्रस्तांवर आहे, साहित्य अकादमी मिळालंय 2023चं. वाचाच." मी म्हणाले, यादीत आहे. अशी यादी माझ्याकडं नाही. कुणाकडं असते?

"सध्या काय वाचताय?" हा प्रश्न "जेवलात का?" या जातीचा आहे. पोटात कावळे ओरडत असले तरी आपण "झालं, झालं" म्हणतो, उगाच घरच्या बाईची धावपळ नको. तसंच वाचनाचं. माझ्या उशाशी गेले दोन महिने काय आहे हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मागच्या वर्षीचा दिवाळी अंक आहे, आणि त्यातलं फक्त वार्षिक राशिभविष्य. वर्ष उलटून गेल्यावर ते वाचायची मला खोड आहे. मार्चमध्ये परदेशगमनाचा योग होता म्हणे. मार्चमध्ये मी फार तर निपाणीला गेले होते. तसं बघितलं तर राज्याची हद्द ओलांडली, त्यामुळं पूर्ण खोटंही म्हणता येत नाही. यात जो आनंद आहे तो चारचौघांत कसा सांगणार? मग माणूस त्यातल्या त्यात जाड पुस्तकाचं नाव घेतो.

शिवाय कोल्हापुरात पुस्तक सुचवत नाहीत, वाढतात. पंगतीत पांढऱ्या रश्श्याची बादली घेऊन येणारा माणूस आपण ताटावर आडवा धरलेला हात बघतच नाही, तसं. पुण्यात शिकायला होते तेव्हा तिथली रीत बघून चकित झाले होते. "तुला कदाचित नाही आवडणार, पण वेळ मिळाला तर बघ," असं म्हणून पुस्तक पुढं करायचे. आमच्याकडं, "वाच. नाही आवडलं तर मला सांग." आणि सांगायची छाती कुणाची नसते. दुसरं म्हणजे, पुस्तक कशाबद्दल आहे हे आधी कुणी सांगत नाही, लेखक कुठला ते सांगतात. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, आनंद यादव कागलचे. खासबागेत कुस्ती लागल्यावर पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा हे आधी विचारावं, तसंच हे. वि. स. खांडेकर मूळचे सांगलीचे, पुढं 18 वर्षं शिरोड्याला. पण 1938ला कोल्हापुरात आले ते इथलेच झाले, आणि पुढं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा ते आमच्याच गल्लीला मिळाल्यासारखं लोक बोलत होते, असं आई सांगायची.

हे सगळं मी शिकले ती मामाकडं.

मामा उद्यमनगरात लेथवर होते. सोमवारी सुट्टी. पगार झाला की एक पुस्तक विकत आणायचे. सगळे त्यांना सांगायचे, एवढं जुनं करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 सालापासूनचं, तिथं वर्गणी भरा की. मामा म्हणायचे, "पुस्तक परत देणं म्हणजे पोरगी सासरला पाठवणं. मला न्हाई जमत." त्यांच्या शुक्रवार पेठेतल्या घरात जिन्याशेजारी लोखंडी कपाट होतं. त्यातून ते हातानं चाचपत पुस्तक काढायचे, कव्हरवरून तळहात फिरवायचे आणि समोर जो असेल त्याच्या हातात द्यायचे. भाच्या, पुतणे, एलआयसीचा एजंट, गॅसवाला. तळहाताच्या रेषांत काळं तेल कायमचं बसलेलं, त्यामुळं त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकाला पहिल्या पानावर बोटाचा एक पुसट ठसा असायचाच. आणि कामावरच्या कपड्यांना मशीन ऑइलचा असतो तो वास. मला अजूनही नव्या पुस्तकाच्या वासाचं कौतुक ऐकलं की वाटतं, यांना पुस्तकाचा खरा वास माहीतच नाही.

पुस्तक दिलं की संपलं, असं नव्हतं. खरा त्रास पुढं. दर सोमवारी मामा सायकलवरून आमच्या दारात. आत यायचे नाहीत, पाय पायरीला टेकवून तिथूनच: "काय गं, कुठवर आलीस?"

"वाचालोय मामा, वाचालोय."

(आमच्याकडं मुलीही आलो-गेलोच म्हणतात. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या रात्री मी "जेवून आलो" म्हटल्यावर खोलीतल्या दोघी माझ्या मागं दाराकडं बघायला लागल्या, कोण पुरुष आत येतोय म्हणून.)

आठवीत असताना त्यांनी 'मृत्युंजय' दिलं. मी लगोरी खेळायच्या वयात, आणि ते उचलायलाच दोन हात लागायचे. दोन सोमवार "वाचालोय"वर निभावले. तिसऱ्या सोमवारी मामांनी सायकल स्टँडवर लावली. हे लक्षण बरं नव्हतं.

"मग? कर्ण कसा वाटला?"

"लई भारी."

"आणि शोण?"

भूगोलाच्या पुस्तकात गंगेच्या उपनद्या नुकत्याच पाठ केल्या होत्या. मी ठासून म्हणाले, "शोण नदीचं वर्णन तर एकदम छान केलंय."

मामा काही बोलले नाहीत. आईनं आतून आणलेला चहा त्यांनी बशीत ओतला, प्याला, बशी पालथी घातली. मग म्हणाले, "शोण भाऊ हाय त्याचा. धाकटा." आणि गेले. ते ओरडले असते तर मी विसरले असते. त्या पालथ्या बशीनं मला पुढच्या उन्हाळ्यात ती कादंबरी खरोखर वाचायला लावली. नऊ भाग, सहा जण बोलतात, आणि त्या सहांतला एक हा शोण! म्हणजे माझ्या नदीला चांगला स्वतंत्र भाग होता.

त्या दिवसापासून एक शहाणपण आलं. सुरुवातीची ऐंशी-शंभर पानं इमानदारीनं वाचायची. त्यापुढं मामांनी कधी पकडलं नाही. "मग? पुढं काय झालं?" असं ते विचारायचे, मी तोंडाला येईल ते सांगायचे आणि मामा मान डोलवत ऐकायचे. मला वाटायचं, माझं वक्तृत्वच तसं. एकदा एका खेड्यातल्या मास्तरांची कादंबरी होती, लेखकाचं नाव आता आठवत नाही. मी शेवट सांगितला तो असा: मास्तर एका पहाटे कुणाला न सांगता गाव सोडतात, शाळेची किल्ली पारावरच्या ढोलीत ठेवतात, आणि पावसाळ्यानंतर झाड वाढून ढोलीचं तोंड मिटतं. झाड असं एका पावसाळ्यात मिटत नाही हे मला तेव्हा कळत नव्हतं. मामांनाही नसावं, किंवा त्यांनी ते चालवून घेतलं.

पुढं किती वर्षांनी, माझ्याच लग्नाच्या धांदलीत, मामांचे एक स्नेही भेटले. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढून दूध देतात, त्या कट्ट्यावरची ही मंडळी. ग्लास हातात घेऊन यांच्या तास तास गप्पा चालायच्या. ते मला म्हणाले, "तुमच्या मामांनी एका मास्तरची गोष्ट सांगितली होती बघा. किल्लीची. डोळ्यात पाणी आलं वो. तसलं आता कोण लिहीत न्हाई." मी शालूत उभी, हातात अक्षतांचं तबक. काय बोलणार? "व्हय, फार छान आहे," म्हणाले. नंतर मुद्दाम ती कादंबरी मिळवून शेवट वाचला. मास्तर कुठंही जात नाहीत. त्यांची बढती होते. माझा शेवट बरा होता, हे मी आजही म्हणेन.

मामा 2011 साली गेले. कपाट तसंच राहिलं.

ऑगस्ट 2019मध्ये पंचगंगा वाढायला लागली तेव्हा मामेभावाचा फोन आला, ये म्हणून. आम्ही राजारामपुरीत, उंचावर. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी 39 फुटांची आणि धोक्याची 43. हे आकडे कोल्हापुरातल्या पोरासोरांनाही पाढ्यासारखे पाठ असतात, आणि त्या आठवड्यात तर कुणी भेटलं की नमस्कार-चमत्कार नाही, हालहवाल नाही, थेट "कुठवर आलंय?" भाजीवाली तेच विचारत होती आणि देवळातले गुरवही तेच. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, पेट्रोल मिळेना, दूध मिळेना, आणि सगळं गाव फुटा-इंचांत बोलत होतं.

मामेभावाच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी होतं. वहिनींनी क्रम ठरवला होता: आधी धान्य, मग गादी-कपडे, मग टीव्ही, आणि जमलं तर पुस्तकं. जमलं. मी खाली, भाऊ जिन्यात, त्याचा मुलगा माळ्यावर, अशी साखळी केली. दहा-बारा पुस्तकं गेल्यावर जिन्यात काहीतरी फडफडत पडलं. एसटीचं तिकीट. मग पुढच्या पुस्तकातून सिनेमाचं अर्धं तिकीट. रेशनची पावती. पगाराचं चपटं पाकीट, रिकामं. पेन्सिलीनं मापं लिहिलेला शाफ्टचा नकाशा. प्रत्येक पुस्तकात एक, चुकवून नाही.

आम्ही घाईत होतो, पण मी एक उघडून बघितलंच. खूण होती पान 62वर. दुसरं, पान 71. मग 48. मग 55. मास्तरांच्या कादंबरीत 80. शंभरी कुणी गाठली नव्हती. खुणेच्या अलीकडची पानं कडेनं तेलकट काळी, आणि खुणेनंतरची सगळी कोरी करकरीत, प्रेसमधून आल्यासारखी.

"हे काय रे?" मी विचारलं.

"बाबांचं? दहाला पुस्तक घ्यायचे, सव्वादहाला छातीवर. आईच काढून ठेवायची," भाऊ जिन्यातून म्हणाला. "दे की पुढचं. पाणी बघालीस न्हवं?"

मी पुढचं दिलं. उंबऱ्याची पहिली पायरी दिसेनाशी झाली होती. "मग? पुढं काय झालं?" मी इतकी वर्षं त्याला परीक्षा समजत होते. आणि मी त्यांना काय काय सांगितलं होतं! एका सरदाराला मी फुकट जिवंत ठेवलं होतं. एका बाईचं लग्न भलत्याशीच लावून दिलं होतं. ते सगळं मामा सायकलवरून पायरीला पाय टेकून ऐकायचे आणि कट्ट्यावर जाऊन सांगायचे. गंगावेशीत अजून किती जणांच्या डोक्यात माझी खोटी पुस्तकं असतील, देव जाणे.

शेजारच्या मुलीनं परवा 'रिंगाण' स्वतःच आणून दिलं. मी 22व्या पानावर आहे. खरं. ती रोज जिन्यात भेटते आणि विचारते, आणि मी रोज आकडा वाढवून सांगते. सांडग्यांवरची कादंबरी अजून गच्चीवरच आहे. कव्हर उन्हानं वर वळलंय.

पाणी त्या वर्षी मामांच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं. पुस्तकं सगळी वाचली. ओसरल्यावर परत लावायला मीच गेले होते. खुणा काढू दिल्या नाहीत, होत्या त्या पानांत तशाच ठेवल्या. फक्त 'मृत्युंजय'मध्ये काही नव्हतं. दोनदा झटकून बघितलं. ते त्यांनी पुरतं वाचलं असेल. किंवा त्यातली खूण त्या दिवशी जिन्यात पडली असेल आणि गेली असेल पाण्याबरोबर.