मेसेज कुणाच्या फोनवर जातो?

दीड महिन्यात एकाच शाखेतली 43 पिग्मी खाती, म्हणजे एजंट रोज येऊन थोडे थोडे पैसे घेऊन जातो ती बचत खाती, बंद झाली, तेव्हा मुख्य कार्यालयात पहिला संशय एजंटवर गेला. आमच्याकडे पहिला संशय नेहमी एजंटवरच जातो. एक तर त्यानं पैसे घेतले आणि भरले नाहीत, नाहीतर शेजारच्या पतसंस्थेनं जास्त कमिशन देऊन त्याला फोडला. या दोन कारणांपलीकडे कुणाचं डोकं चालत नाही. माझंही चाललं नव्हतं.

मी एका नागरी सहकारी बँकेत नोकरी करते. सातारा-सांगली पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावांत आमच्या शाखा आहेत. माझा हुद्दा ऐकायला मोठा आहे, 'अधिकारी, नवीन सेवा व योजना'. प्रत्यक्षात विभागात मी आणि एक प्रिंटर.

मला खटकलं ते वेगळंच. पिग्मी सहा महिन्यांच्या आत मोडली तर आमच्याकडे व्याज मिळत नाही, वर एजंटला दिलेलं कमिशन खातेदाराच्या रकमेतून कापून घेतात. बाजारात बसणाऱ्या बाईला हे पक्कं ठाऊक असतं. तरी 43 पैकी बऱ्याच जणींनी नुकसान सोसून खातं बंद केलं होतं. हो, जणींनी. यादीत पुरुष मोजून चार. अर्जावर कारण सगळीकडे एकच, 'घरगुती अडचण'. अक्षरही एकच, शाखेतल्या शिपाईमामांचं; ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज तेच लिहून देतात.

आणि या सगळ्याच्या दोनच महिने आधी माझी लाडकी योजना सुरू झाली होती. पूर्वी पिग्मी जमा झाल्याचा मेसेज इंग्रजीत जायचा. निम्मे शब्द तोडलेले, खातेक्रमांकाच्या जागी फुल्या. असला मेसेज आमच्या खातेदाराला काय कळणार, म्हणून मी मराठी मेसेजचा आग्रह धरला. तो काही सहज मिळाला नाही. इंग्रजी मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70, आणि काना-मात्रा-वेलांटीही वेगवेगळी मोजली जाते. म्हणजे एका मेसेजचे दोन होतात, खर्च दुप्पट. शिवाय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे मेसेजचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, शब्द बदलला की पुन्हा नोंदणी. तीन आठवडे मी 'रुपये'चं 'रु.' करत बसले होते. शेवटी 'आजची जमा' आणि 'एकूण शिल्लक' अशा दोन स्वच्छ ओळी तयार झाल्या. संचालक मंडळाच्या बैठकीत माझं कौतुक झालं. वार्षिक अहवालात फोटोही आला.

खाती बंद व्हायला लागल्यावर शाखाधिकारी म्हणाले, ग्राहकांनाच विचारू या. मग आम्ही ग्राहक मेळावा घेतला. शनिवारी सकाळी अकरा वाजता, शाखेच्या वरच्या हॉलमध्ये, बॅनर लावून. मी पिग्मीचा इतिहास सांगितला. 1928 साली उडुपीच्या बँकेनं, म्हणजे पुढे जी सिंडिकेट बँक झाली तिनं, रोज दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली, वगैरे. एका संचालकांनी पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असल्याचं समजावून सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पाच लाख हायती कुणाकडं?" हशा झाला. मग बटाटेवडे आणि अभिप्रायाचे फॉर्म. सगळ्या फॉर्मांवर 'उत्तम'. मंडईतल्या बायका आल्याच नव्हत्या. शनिवारी सकाळी अकराला भाजीवाली कुठे असते हे विचारायची तसदी मेळावा ठरवणाऱ्यांनी, म्हणजे मीच, घेतली नव्हती.

खाली आल्यावर पिग्मीवाले काका, म्हणजे आमचे एजंट, भेटले. बावीस वर्षं त्याच बाजारात फिरतात. त्यांच्या अंगावर संशय होता, आणि त्यांना ते ठाऊक होतं. 43 खाती गेली म्हणजे त्यांचं कमिशनही गेलंच होतं. ते एवढंच म्हणाले, "म्याडम, फॉर्मावर कोन लिहिल? गुरवारी बाजारात या. दीड-दोनला. तवा गिऱ्हाईक कमी असतंय. आन साहेबास्नी आनू नका."

त्या गुरुवारी मी गेले. शिपाईमामाही बरोबर आले, ते कसे आले मला आठवत नाही. बहुतेक काकांनीच सांगितलं असावं. मंडईच्या मागच्या बाजूला, चिंचेखाली, कोथिंबीर-मेथीवाल्यांची रांग बसते. ओली गोणपाटं, त्यावर जुड्या, बाजूला पाण्याची घागर. मला बसायला एक क्रेट पालथं घालून मिळालं. काकांच्या हातातलं मशीन मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. काचेला तडा, त्यावर सेलोटेप. त्यातून निघणारी पावती बोटभर रुंद. कोथिंबिरीच्या ओल्या हातात गेली की तिचा लगदा.

काकांनी ओळख करून दिली. "ह्या मेसेजवाल्या म्याडम."

कुणी काही बोललं नाही. एक आक्का जुड्यांवर पाणी मारत होती, ती तशीच मारत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तुमीच व्हय त्या?"

मी हो म्हणाले. मला वाटलं, आता कौतुक होणार. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

"आधीचा विंग्रजी मेसेज लई चांगला हुता बगा," ती म्हणाली. "कुनाच्या बापाला कळत न्हवता."

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. मी नाही हसले. मला अजून उमगलं नव्हतं. मग तिनं सांगितलं, मी जसं ऐकलं तसं लिहिते. तिच्या खात्याला जोडलेला नंबर घरातल्या फोनचा. खातं उघडताना फॉर्मावर मोबाईल नंबर हवाच होता, तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. फोन नवऱ्याच्या खिशात असतो. दोन वर्षं रोज संध्याकाळी इंग्रजी मेसेज यायचा, तो कंपनीचा समजून पुसून टाकायचा. एके दिवशी मराठीत आला. एकूण शिल्लक 14,250. त्यानं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. गाडी घेतली. म्होरचं पैसं त्येच्यातनं भरलं." थोडं थांबून म्हणाली, "गाडी हाय चांगली. तिच्यावरनंच सोडत्यात मला सकाळी मार्केटला."

तिनं ते पैसे कशासाठी साठवले होते, तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या पगाराचा मेसेज माझ्या फोनवर येतो, त्याला माझा अंगठा लागतो. बारा वर्षांच्या नोकरीत फॉर्मावरच्या 'मोबाईल नंबर' या रकान्याकडे बघून फोन कुणाचा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या रांगेत आठ जणींची खाती होती. स्वतःचा फोन दोघींकडे. बाकीच्यांचे नंबर नवऱ्याचे, मुलाचे, दिराचे. एकीचा तर जावयाचा. जावयाला सासूची शिल्लक रोज संध्याकाळी कळत होती, आमच्या खर्चानं, शुद्ध मराठीत.

काकांना मी जरा रागानंच विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं तर बोलला का नाहीत? ते म्हणाले, "इचारलं कुनी? आन बायकांचं गुपित म्या कसं सांगायचं?" शिपाईमामा मागून म्हणाले, "अर्ज लिहिताना मला सगळ्यांनी हेच सांगितलेलं, म्याडम. घरात कळलं म्हणून बंद करतोय. मी म्हटलं, बँकेच्या अर्जात असं लिहीत नसतात. 'घरगुती अडचण' लिहितो." म्हणजे कारण आमच्याकडे 39 वेळा लेखी आलं होतं, शिपाईमामांनी त्याला इस्त्री करून पाठवलं होतं.

मी म्हणाले, मग मेसेज बंदच करून टाकू. मला ते सोपं वाटलं.

तर दुसरी एक मावशी, लिंबं-मिरच्यांची, एकदम म्हणाली, "आन काकानं पैसं भरलंच न्हाईत तर?"

काका तिथंच होते. तिच्या समोर, हातात मशीन घेऊन. मला अवघडल्यासारखं झालं. काका मात्र हसले. "बराबर बोलती ती. माझ्या मागं दुसरा कोन आला तर? मेसेज त्येच्यासाठीच हाय न्हवं?"

तिथून पुढचा पाऊण तास माझ्या नोकरीतला सर्वांत कामाचा पाऊण तास होता, आणि मी फार थोडं बोलले. पावतीवर शिल्लक छापून येते, असं मी म्हणाले. वाचता येत नाही, असं उत्तर आलं. शेजारणीच्या फोनवर मेसेज पाठवा, असं एकीनं सुचवलं, त्यावर शेजारणीसकट सगळ्या नको म्हणाल्या. चहाच्या गाड्यावरचा एक दादा ऐकत होता, तो घाईनं मध्ये पडला. "माझा मेसेज बंद करू नका हां. त्यो दावल्याबिगर घरात खरं वाटत न्हाई, की पैसं गुत्त्यात गेलं न्हाईत म्हनून." हे कुणाच्या योजनेत बसणार? तेव्हा एवढं तरी कळलं की एकच नियम सगळ्यांना लावून चालणार नाही.

मिरचीवाल्या मावशीनं शेवटी तोडगा काढला. "काका सोडून बँकेतला दुसरा कुनीतरी म्हयन्यातनं एकदा हितं येऊ दे. आन माजं किती हायती ते मला कानात सांगू दे."

कानात. तिनं पदर कानामागं घेऊन दाखवलंसुद्धा.

लेखापरीक्षक दर वर्षी आमच्या अहवालात एक शेरा मारतात: पिग्मी ठेवीदारांकडून शिल्लक पडताळणी करून घ्यावी, एजंटव्यतिरिक्त अन्य कर्मचाऱ्यामार्फत. आम्ही दर वर्षी उत्तर देतो, 'नोंद घेतली, पूर्तता करण्यात येईल'. लिंबं विकणाऱ्या, सही न येणाऱ्या बाईनं तोच शेरा शब्दशः सांगितला होता, फक्त 'कानात' जास्तीचं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही कार्यालयात होतं तसंच झालं. सॉफ्टवेअरवाल्यांनी प्रत्येक खात्याला मेसेज चालू-बंद असा पर्याय द्यायला आधी दोन महिने मागितले आणि शेवटी दोन दिवसांत दिला. एका वरिष्ठांनी विचारलं, आपण नवऱ्यापासून पैसे लपवायला मदत करायची का? मी म्हणाले, खातं तिच्या नावावर आहे, शिल्लक तिला सांगायची. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग लेखापरीक्षणाचा शेरा पुढं केला, तेव्हा सही झाली. खातं उघडायच्या फॉर्मात आम्ही एक ओळ वाढवली, 'हा फोन कोणाकडे असतो?' ही ओळ शिपाईमामांच्या सांगण्यावरून आली, आणि ती तोंडी विचारायची, हेही त्यांनीच ठरवलं. परिपत्रकात सेवेचं नाव 'फिरती शिल्लक पडताळणी'. शाखेत सगळे 'कानातली शिल्लक' म्हणतात.

बंद झालेल्यांपैकी काही खाती परत उघडली, सगळी नाही. कोथिंबीरवाल्या आक्कांनी उघडलं नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "बगू." मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पहिल्या फेरीला मीच गेले, शाखेतली एक क्लार्क बरोबर होती. पुन्हा गुरुवार, पुन्हा तेच क्रेट. हातात छापील यादी आणि एक वही. एकेकीजवळ वाकायचं, नाव विचारायचं, आकडा सांगायचा. आकडा ऐकताना बायका समोर बघत राहतात, चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. गिऱ्हाईक आलं तर मध्येच थांबवून मेथी देतात आणि परत कान पुढे करतात.

मिरचीवाल्या मावशींना मी सांगितलं, "सहा हजार तीनशे."

"पन्नास कमी हायती," त्या म्हणाल्या.

मी यादी पुन्हा बघितली. सहा हजार तीनशेच. त्या म्हणाल्या, आदल्या सोमवारचे पन्नास, पाऊस पडत होता, काकाच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद होता. कागद काही नाही, वही काही नाही, सगळं डोक्यात. काकांना बोलावलं. ते मशीनची बटणं दाबत मागं मागं गेले, घाम पुसला, पुन्हा मागं गेले. सोमवारच्या शेवटच्या सात पावत्या मशीनमध्येच होत्या. रेंज गेली होती, त्या बँकेत चढल्याच नव्हत्या. सातातली पाचवी पावती मावशींची, पन्नास रुपये.

काका कितीतरी वेळ मशीनकडंच बघत राहिले. मग बाकीच्या सहा जणांची नावं त्यांनी मला स्वतःहून वाचून दाखवली, त्यात आमचा चहावालाही निघाला. मी वहीत मावशींच्या नावापुढं पेनानं 50 लिहिलं, खाली काकांची सही घेतली, माझी केली.

"आता वाचा," मावशी म्हणाल्या.

मी वाकून पुन्हा कानात सांगितलं, सहा हजार तीनशे पन्नास. त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाला लिंबं मोजायला लागल्या.