गाडी आधी खिशात, मग ठोकळा हातात

बालशिक्षण आणि लहान मुलांच्या वर्तनविषयक कामाचं प्रशिक्षण घ्यायला आलेल्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात उपाय हवे असतात. मूल चावलं तर काय करायचं, जमिनीवर लोळलं तर काय करायचं. मी त्यांच्या हातात कोरे तक्ते ठेवते. तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. अँटिसिडंट, बिहेविअर, कॉन्सिक्वेन्स या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून सगळे याला एबीसी म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली मुलांच्या निरीक्षणाची जी पद्धत मांडली, तिच्यातून हा तक्ता आला. दिसायला इतका साधा की मुलींचा हिरमोड होतो. एवढंच शिकायला आलो का आपण, असं तोंडावर स्पष्ट दिसतं.

अशाच एका तुकडीत एक अगदी अबोल मुलगी होती. तिचे सुरुवातीचे तक्ते मी भरपूर खोडले होते. ‘चिडला’, ‘मुद्दाम केलं’, ‘ताईंना त्रास द्यायला केलं’. मधल्या रकान्यात कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं, हा माझा हट्ट. चिडणं कॅमेऱ्यात येत नाही; ‘डाव्या हाताने ठोकळा उचलून कपाटाकडे फेकला’ हे येतं. तिने वाद घातला नाही, पण पुढचे तक्ते बदलले. लांबलचक, रुक्ष आणि माझ्या मते उत्तम.

प्रॅक्टिकलला तिला जो वर्ग मिळाला, तिथे चार वर्षांचा एक मुलगा होता. खेळ आवरून गोलात बसायची वेळ झाली की हा ठोकळे फेकायचा. कुणाला लागायचे, कुठे आदळायचे. वर्गाच्या ताई जुन्या, मुलांवर जीव असलेल्या. त्यांचं मत पक्कं होतं, “याला लक्ष हवंय. घरी नवं बाळ आलंय ना!” त्या त्याला मारत-ओरडत नव्हत्या. फेकाफेक झाली की हात धरून शांत कोपऱ्यात न्यायच्या. तिथे उशी, चार पुस्तकं. शांत झालास की ये, एवढंच सांगायच्या.

केसवर चर्चा करायला आम्ही बसलो ती दुपार मला चांगली आठवते. कानांची तपासणी आधीच झाली होती आणि ठीक निघाली होती. कान, झोप, दुखणंखुपणं हे पाहिल्याशिवाय वर्तनाबद्दल बोलायला बसायचं नाही, हा आमचा शिरस्ता. निदान करणं आमचं काम नाही, पण तपासणीसाठी पाठवणं आहे. ताईंनी बाळाचा विषय काढला, बाकीच्या ट्रेनी माना हलवू लागल्या. लक्ष वेधणं हे स्पष्टीकरण कुणालाही चटकन पटतं. त्यात थोडा दोष माझ्या शिकवण्याच्या क्रमाचाही असेल, कारण १९६४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी सुरुवातीलाच सांगते. बालवाडीतली तीन वर्षांची मुलगी, चालता येत असूनही रांगणारी. शिक्षिकांनी रांगण्याकडे लक्ष देणं थांबवून उभं राहण्याकडे लक्ष दिलं, ती चालू लागली. खात्री करायला त्यांनी क्रम उलटवला, तर पुन्हा रांगायला लागली. गोष्ट इतकी चपखल आहे की पुढे प्रत्येक मुलावर तीच लावायचा मोह होतो.

मग त्या अबोल मुलीने आपले तक्ते वाचायला घेतले. एकसुरी आवाजात, मान खाली घालून. “ताईंनी आवरायची घंटी वाजवली. त्याने लाल गाडी खिशात ठेवली. ठोकळा फेकला. शांत कोपऱ्यात नेलं.” पुढचा तक्ता. घंटी, गाडी खिशात, ठोकळा, कोपरा. तिसराही तसाच.

“थांब,” मी म्हटलं, “गाडी दर वेळी?”

“हो मॅडम. एकदा पँटला खिसा नव्हता. तेव्हा आधी गाडी कोपऱ्यातल्या उशीखाली ठेवून आला आणि मग ठोकळा उचलला.”

ताई आधी हसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हा सामान बांधूनच निघतो की!”

भान हरपलेलं मूल खेळणं सांभाळून ठेवत नाही. शिवाय फेकल्यावर त्याने ताईंकडे पाहिल्याची नोंद एकाही तक्त्यात नव्हती. त्याची नजर कोपऱ्याकडे. लक्ष मिळवणं, नको त्या गोष्टीतून सुटणं, हवी ती वस्तू मिळवणं, शरीराला बरं वाटणं, ही वर्तनामागची नेहमीची चार कारणं. इथे त्यातलं दुसरं कारण होतं, सुटणं. गोल चांगला पंचवीस मिनिटं चालायचा, प्रत्येकाने बोलायचं, आणि त्याची पाळी जवळजवळ शेवटी. आम्ही ज्याला आळा समजत होतो, तेच त्याचं सुटकेचं दार होतं.

उपाय मग फारसा अवघड नव्हता. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी १९८५ साली दाखवलं होतं की त्रासदायक वर्तनातून मूल जे मिळवतं, तेच मागायची साधी पद्धत त्याला शिकवली, तर त्रासदायक वर्तन कमी होतं. त्याला एक कार्ड दिलं: मला थोडं थांबायचंय. कार्ड दाखवलं की लगेच कोपरा मिळणार, गाडीसकट. ठोकळा फेकला तर मात्र गोलातून सुटका नाही. ताई शेजारी बसून त्याचा हात धरणार आणि गोल पुढे चालू. पहिले काही दिवस फेकाफेक वाढेल, हे मी ताईंना आधीच सांगून ठेवलं. वाढलीच. जुना मार्ग बंद झाला की मूल आधी तोच जास्त जोराने ठोठावतं, आणि बऱ्याच योजना नेमक्या या टप्प्यावर सोडून दिल्या जातात. ताईंनी सोडली नाही. पुढे कार्ड वापरलं जाऊ लागलं, तरी अधूनमधून एखादा ठोकळा उडतोच.

ताईंनी आपणहून गोलही दहा मिनिटांवर आणला, सगळ्या वर्गासाठी. त्यानंतर आणखी दोन मुलांची चुळबुळ कमी झाली, असं त्या म्हणतात. तिची नोंद कोणी ठेवली नव्हती, म्हणून मी ते अहवालात घेतलं नाही.