वसईच्या कोटात, बंदराच्या बाजूने

ठाण्याचा किल्ला आम्हा चरईवाल्यांना आतून कधी दिसलाच नाही. आत मध्यवर्ती कारागृह आहे. बाहेरून भिंत बघायची, १९ एप्रिल १९१० ला इथे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले हे नानांनी सांगायचं, आणि आपण पुढे भाजीला जायचं. नाना म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, चालायची हौस तशीच. थंडी पडल्यावर त्यांना म्हटलं, आपला कोट कुणी बघू देत नाही, तर त्याच्या थोरल्या भावाकडे जाऊन येऊ. वसईला.

लोकलने दादर करून वसई रोडला जाता येतं. पण बंदराच्या गावात पाण्यावरून शिरावं, असा माझा हट्ट. म्हणून बसने भाईंदर, आणि तिथल्या पश्चिमेच्या जेट्टीवरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट. शेजारी मोटारसायकली, माशांच्या टोपल्या, समोर तिवरं. उल्हास नदीला ठाण्यापाशी दोन फाटे फुटतात. एक खाली ठाणे खाडीकडे जातो, दुसरा घोडबंदरला वळसा घालून इथे समुद्राला मिळतो. "अगं, म्हणजे आपल्या ठाण्याच्या कोलशेतचंच पाणी की हे!" नाना म्हणाले, आणि उतरेपर्यंत ते पाणीच बघत बसले.

वसईला येणारे बरेचजण गड बघायच्या तयारीने येतात. रायगड-राजगडाची सवय. बुरुज मोजायचे, तोफा शोधायच्या, मग "काही उरलं नाही हो यात" म्हणत परत फिरायचं. पण हा गड नव्हेच. हे तटाच्या आत वसवलेलं शहर. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होती. आत रस्ते, घरं, इस्पितळ, सगळं होतं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचं वेगळं चर्च आणि मठ. म्हणून इथे चालायचं ते गल्ल्यांच्या हिशेबाने. समुद्र दरवाजातून आत शिरायचं, बाहेर पडायचं भुई दरवाजाने. वाटेत मोठ्या चर्चचा मनोरा लागतो. हे चर्च १६०१ मध्ये नव्याने बांधून काढल्याचा शिलालेख आहे. बालेकिल्ल्याचं दार चुकवू नका. वर पोर्तुगालचं राजचिन्ह, क्रॉस आणि कड्याकड्यांचा खगोल कोरलाय.

आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो ते फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये. माझं रोजचं काम जुन्या सोसायट्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं. तीस-चाळीस वर्षांच्या इमारती, बाथरूमखालचा स्लॅब गळतोय, सळई फुगून प्लास्टर खाली येतंय आणि कमिटी विचारतेय, "मॅडम, नुसतं वॉटरप्रूफिंग करून भागेल का?" इथे छप्पर कधीच गेलंय, पावसाळ्यामागून पावसाळे थेट आत कोसळतायत आणि मोठ्या कमानी उभ्या आहेत. कारण साधं आहे. कमानीतला दगड फक्त दाबला जातो, ताणला जात नाही, आणि आत लोखंडच नाही तर गंजणार काय? हिचा खरा वैरी पिंपळ. चुन्याच्या सांध्यात बी पडलं की मूळ पाचरीसारखं आत घुसतं. एका भिंतीत तर मूळ माझ्या मनगटाएवढं झालेलं, आणि त्याच्या वरचे दोन थर बोटभर पुढे सरकलेले. ते नुसतं वरून छाटून काही होत नाही.

तिथे पायाखालीच थडग्यांचे दगड आहेत. पोर्तुगीज अक्षरं, कुठे घराण्याची चिन्हं. नाना चपला काढून कडेकडेने चालले. त्या दगडांवरच उभं राहून एका जोडप्याचे प्री-वेडिंगचे फोटो चालले होते, धुराच्या नळकांड्यांसकट. मी काही बोलले नाही, नाना मात्र बोलले, आणि मुलगा बिचारा "सॉरी आजोबा" म्हणून बाजूला झाला.

इथल्या दगडाचा नाद गोव्यालाही होता. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या जांभ्यात जे काळ्या दगडाचं कोरीवकाम दिसतं, तो दगड वसईकडचा. आणि माणसंही इथून लांब गेली. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला.

चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी नानांचा इतिहासाचा तास झाला. वसईची मोहीम सुरू झाली आपल्या ठाण्यातून. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा तिथला किल्ला पुरता बांधूनही झाला नव्हता. वसई हाती यायला मात्र मे १७३९ उजाडला. तटाखाली सुरुंग लावावे लागले, माणसं फार पडली. शरण आलेल्या पोर्तुगीजांना चीजवस्तूंसह जाऊ दिलं. चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराची त्यातलीच. "आणि त्याच वसईत," नाना काठी आपटत म्हणाले, "३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून सगळं घालवलं!" बाजीरावाचं नाव निघालं की त्यांचा रक्तदाब वाढतो, म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली.

आत खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका. तटाच्या टोकाला किल्लाबंदरचा कोळीवाडा आहे, तिथे परातीपरातीने बोंबील वाळत असतात, पण बसून जेवायचं तर वसई गावात यावं लागतं. सकाळी लवकर निघा, दहानंतर उघड्यावर ऊन लागतं. गवतात पाय जपून टाका, उघड्या विहिरी आहेत. रो-रोच्या वेळा आदल्या दिवशीच बघून ठेवा. आम्ही परतताना एसटीने घोडबंदर रोड धरला आणि गायमुखला तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढच्या वेळी जातानाही बोट आणि येतानाही बोट, असं नानांनी तिथेच जाहीर करून टाकलंय.