पान रुजलं, पण झाड कुठंय?

माझ्या खिडकीतल्या बाटल्या बघितल्या की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला. "मनी प्लांटचं पान पाण्यात ठेवलंय, मुळंही भरपूर आलीत, पण फूट काही येत नाही. काय चुकतंय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: ते पान असंच राहणार. मुळं येणं वेगळं आणि कोंब येणं वेगळं. मनी प्लांटचा कोंब निघतो पेरावरच्या, म्हणजे पान वेलीला जुळतं त्या गाठीवरच्या डोळ्यातून. देठासकट पान खुडलं तरी डोळा वेलीवरच राहतो. मग पान मुळांच्या जिवावर महिनोन्‌महिने टवटवीत दिसतं, एवढंच. होया नावाच्या वेलीचं बदामाच्या आकाराचं एकच पान कुंडीत लावून भेट म्हणून विकतात, त्याचंही बहुतेकदा हेच होतं. मला तर तो प्रकार पटतच नाही.

म्हणून मनी प्लांट असेल तर पेरासकट तुकडा घ्या, विषय संपला.

नुसत्या पानापासून रोप हवं असेल तर आफ्रिकन व्हायोलेट, रेक्स बिगोनिया, स्नेक प्लांट, जेड, एकेव्हेरिया यांच्याकडे वळा. यांच्या पानातल्या पेशी डोळा नव्यानं घडवू शकतात. पानफुटी तर विचारूच नका, पानाच्या कडेच्या खाचांतच रोपं धरते.

माझं लाडकं आफ्रिकन व्हायोलेट. फार जून नाही, फार कोवळं नाही असं पान घ्यायचं, देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून तिरका कापायचा आणि ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा आणि हलके पांढरे खडे) खोचायचा. वरून पारदर्शक पिशवी. तीन-चार आठवड्यांनी पान अलगद ओढून बघा. हाताला अडलं तर मुळं धरलीत. त्यानंतर बराच काळ वर काहीच दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच लोक पान फेकून देतात. साधारण दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी नखाएवढी लवदार पानं माती सारून वर येतात, बहुतेकदा एकाच देठाला तीन-चार रोपांची. ती हाताला लागण्याइतकी झाली की सोडवून वेगळी लावायची. मूळ पान धड असेल तर देठ पुन्हा कापून लावता येतं.

स्नेक प्लांटच्या पानाचे आडवे तुकडे करताना खालची बाजू कुठली, त्याची खूण करून ठेवा. उलटा खोचलेला तुकडा रुजत नाही. आणि पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट असेल तर पानाच्या नादी लागू नका. तो पिवळा रंग पानाच्या ठरावीक थरांतल्या पेशींत असतो. नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून निघतो, त्यामुळे रोप साधं हिरवं येतं. काठ हवा असेल तर गड्डा फोडूनच रोपं वेगळी करा.

जेड, एकेव्हेरियाची पानं दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग मातीवर नुसती ठेवा. खोचायची गरज नाही. झीझी प्लांटचं पान मात्र आधी मातीत छोटा कंद करतं, कोंबाला वर्षही लागू शकतं. घाई असेल तर त्याचाही गड्डाच फोडा.