तुम्ही विचारलंत म्हणून : ऑनलाइन दुकान कशावर मांडावे?

इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटजवळ आमचे माहेश्वरी साड्यांचे दुकान आहे. ऑनलाइन विक्री सुरू केल्यापासून ओळखीची मंडळी मला विचारतात, ‘ऑनलाइन दुकान मांडायला शॉपिफाय घ्यावे, की वूकॉमर्स?’ त्यावर मी आधी एवढेच विचारते, की तुमचा माल एकसारखा आहे, की प्रत्येक नग वेगळा?

आमचा प्रत्येक नग वेगळा असतो. हातमागावर विणलेल्या साडीचा तोच रंग आणि तोच बुगडी काठ (दोन्ही बाजूंनी नेसता येणारा) पुन्हा हाती लागेलच, असे नसते. म्हणून दुपारी दुकानात एखाद्या ताईंनी घडी उलगडून, दोन्ही बाजूंचे काठ पाहून साडी पसंत केली, की तिचे बिल होताच ती ऑनलाइन दुकानातूनही उतरली पाहिजे. एकदा तसे झाले नाही. पुण्याच्या एका बाईंनी मुलीच्या साखरपुड्यासाठी निवडून पैसे भरलेली साडी सकाळीच दुकानातून विकली गेली होती, आणि त्यांना ते फोनवर सांगणे मला फार जड गेले. तेव्हापासून दुकानातले बिल आणि ऑनलाइन साठा एकाच नोंदीवर चालतो का, हे मी सर्वांत आधी पाहायला सांगते.

खर्चाचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. शॉपिफायला ठरावीक भाडे द्यावे लागते, पण सर्व्हर त्यांचा असतो. वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर, चालणारे मुक्तस्रोत प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) आहे; ते फुकट मिळते, मात्र होस्टिंग (वेबसाइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), अपडेट आणि बॅकअप आपल्यालाच सांभाळावे लागतात. पेमेंट गेटवेचे, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेचे, शुल्क दोन्हीकडे वेगळे असते आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. घरात तांत्रिक बाजू पाहणारे कोणी नसेल, तर शॉपिफायचे भाडे देणेच मला शहाणपणाचे वाटते.

यापेक्षा मोठी गोष्ट मला उशिरा कळली. आमचे पहिले दुकान एका फुकट सेवेवर, तिच्याच नावाच्या पत्त्यावर होते आणि प्रत्येक साडीच्या घडीत ठेवलेल्या कार्डावर तोच पत्ता छापलेला होता. ती सेवा बंद झाली, तेव्हा आम्हाला फक्त मालाची यादी उतरवून घेता आली. कोणी काय घेतले होते, याची नोंद गेली. कार्ड जपून ठेवलेल्या बायकांना त्या पत्त्यावर कोरे पान दिसू लागले.

म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घ्यावे, मग प्लॅटफॉर्म कोणताही असो. वर्षभराचे पैसे भरण्यापूर्वी चाचणीच्या काळातच पाच-दहा नग चढवून मोबाइलवरून एक खरी ऑर्डर द्यावी, ग्राहकांची आणि ऑर्डरची फाइल उतरवावी, आणि ती एक्सेलमध्ये उघडून देवनागरीतली नावे, पत्ते आणि फोन नंबर नीट वाचता येतात का, ते पाहावे.